दूरच्या दीर्घिकांचीं चित्रें आणि त्यांची साक्ष

१९९५ सालच्या डिसेंबर महिन्यांत रॉबर्ट विल्यम्स या अमेरिकन ज्योतिर्विदांनीं एक धाडस केलें. हबल दुर्बिणीचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे ते संचालक होते, आणि दुर्बिणीचा कांहीं वेळ संचालकाच्या मर्जीवर सोडलेला असे. तो वेळ त्यांनीं सप्तर्षींच्या परिसरांतील आकाशाच्या एका अशा तुकड्यावर खर्च करण्याचें ठरविलें, कीं ज्यांत पाहण्यासारखें कांहींच नव्हतें. हात लांब करून चिमटींत धरलेल्या वाळूच्या कणानें झांकला जाईल एवढाच तो तुकडा. सहकाऱ्यांपैकीं कित्येक जाणत्या माणसांनीं त्यांना या बेतापासून परावृत्त करण्याचा यत्न केला. इतकी मोलाची दुर्बीण, आणि ती शून्याकडे रोखावयाची! परंतु दहा दिवस दुर्बीण त्या तुकड्याकडे टक लावून राहिली, ३४२ छायाचित्रें घेतलीं गेलीं, आणि तीं एकावर एक बसवून पाहतां त्या रिकाम्या जागेंत सुमारें ३,००० दीर्घिका निघाल्या. दीर्घिका म्हणजे कोट्यवधि, अब्जावधि ताऱ्यांचा एक स्वतंत्र संसार. रात्रीं डोक्यावरून गेलेला आकाशगंगेचा धूसर पट्टा हा अशाच एका दीर्घिकेचा आंतून दिसणारा देखावा होय.

त्या चित्रांत जितकें दूर पाहावें तितक्या दीर्घिका लहान, अंधुक आणि तांबूस होत गेलेल्या दिसत, आणि एका मर्यादेपलीकडे त्या दिसतच नसत. पलीकडे दीर्घिका नाहींत, असा मात्र याचा अर्थ कोणीं घेतला नाहीं. दोष दृष्टीचा होता, आणि तो समजून घेण्यासाठीं प्रकाशाच्या प्रवासाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे.

प्रकाश सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर धांवतो; तरीही विश्वाच्या पसाऱ्यापुढें ही धांव मुंगीची आहे. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश येथें पोहोंचेपर्यंत शेंकडों कोटी वर्षें लोटलेलीं असतात, म्हणून ती आज दिसते ती आजची नव्हे, तो प्रकाश निघाला त्या दिवसाची. विश्वाचें वय सुमारें १,३८० कोटी वर्षें आहे. प्रकाश वाटेवर असतांना विश्व प्रसरण पावत असतें, आणि त्या प्रसरणाबरोबर प्रकाशाची लहरही ताणली जाते. निळी लहर ताणून तांबडी होते, तांबडी आणखी ताणून अदृश्य होते. या ताणाच्या मापास ताम्रसृति म्हणतात. मूळ लहर जितकी पट लांबली त्या आंकड्यांतून एक वजा केला कीं ताम्रसृति मिळते. लहर पंधरापट झाली तर ताम्रसृति १४.

आतां यांतील खरी मेख अशी. नवे तप्त तारे अतिनील प्रकाश विपुल ओततात. विश्वाच्या बाल्यांत दीर्घिकांच्या मधील पोकळींत हायड्रोजन वायु पसरलेला होता, आणि ०·१२१६ मायक्रॉनपेक्षां आंखूड लहरींचा प्रकाश तो वाटेंतच गिळून टाकी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मानवी डोळा सुमारें ०·४ पासून ०·७ मायक्रॉनपर्यंतच्या लहरी पाहतो. त्यामुळें अशा दीर्घिकेच्या प्रकाशांत एके ठिकाणीं, डोंगराचा कडा तुटावा तशी, तूट असते. कड्याच्या एका अंगास प्रकाश, दुसऱ्या अंगास काळोख. ताम्रसृति १४ असली कीं ही तूट पंधरापट लांब लहरीवर, म्हणजे सुमारें १·८ मायक्रॉनवर सरकते. हबलवर २००९ सालीं बसविलेल्या उत्तम कॅमेऱ्याची दृष्टि १·७ मायक्रॉनपाशीं संपते. तेव्हां त्या दीर्घिकेचा जो प्रकाश त्या कॅमेऱ्यास दिसला असता तो हायड्रोजननें गिळलेला, आणि जो वांचला तो त्याच्या दृष्टीबाहेरचा!

दृष्टीबाहेरच्या या किरणांस अवरक्त किरण म्हणतात. लोलकांतून पाडलेल्या वर्णपटांत तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यास कांहींच दिसत नाहीं तेथें, तापमापक ठेवून विल्यम हर्शेल यांनीं १८०० सालीं यांचा शोध लावला. शोध तापमापकानें लागला यांतच या किरणांची सारी अडचण आली. जें जें ऊबदार तें तें अवरक्त प्रकाश फेंकतें. पृथ्वीचें वातावरण फेंकतें, दुर्बिणीची नळी फेंकते, तिचा आरसाही फेंकतो. अशा स्थितींत विश्वाच्या कडेवरची एखादी फिकट दीर्घिका पाहूं जाणें म्हणजे भर दुपारीं काजवा शोधण्यासारखें आहे. उपाय एकच: दुर्बीण वातावरणाबाहेर न्यावयाची आणि गारठवावयाची.

जेम्स वेब दुर्बीण ही या उपायाची मूर्ति. अमेरिका, युरोप व कॅनडा यांच्या अवकाशसंस्थांनीं मिळून ती सिद्ध केली आणि २५ डिसेंबर २०२१ रोजीं फ्रेंच गियानांतून एरियान ५ या अग्निबाणानें ती गेली. (जिच्यावर ज्यांचें नांव आहे ते वेब ज्योतिर्विद नव्हते, १९६१ ते १९६८ पर्यंत ते नासाचे प्रमुख होते. दुर्बिणीला कारभाऱ्याचें नांव मिळावें हें विरळाच.) पृथ्वीपासून सुमारें १५ लक्ष किलोमीटरांवर, सूर्य, पृथ्वी व चंद्र या तिघांकडेही पाठ करून ती राहते. पाठीवर टेनिसच्या मैदानाएवढें, पांच पदरांचें छत्र आहे. छत्राच्या उन्हाकडच्या अंगास पाणी उकळण्याजोगी उष्णता, तर सावलीच्या अंगास शून्याखालीं २३० अंशांच्या आसपास थंडी. आरसा साडेसहा मीटर व्यासाचा, बेरिलियम धातूच्या १८ षट्कोनी तुकड्यांचा. वरून सोन्याचा अतिशय पातळ मुलामा, कारण अवरक्त किरण सोन्यावरून उत्तम परावर्तन पावतात. हा आरसा व छत्र घडी घालून अग्निबाणाच्या टोकांत बसविलेलीं होतीं आणि वाटेंत एकेक करून उलगडलीं. एखादी खीळ अडकती तर तेथें जाऊन ती सोडविणारा कोणीं नव्हता.

या दुर्बिणीनें चित्र कसें घेतलें जातें हें पाहण्यासारखें आहे. छायाचित्रकाराच्या काचेची जागा येथें पारा, कॅडमियम व टेल्युरियम यांच्या मिश्र स्फटिकाच्या पट्ट्यांनीं घेतलेली असते. अतिदूरच्या एखाद्या दीर्घिकेकडून साऱ्या आरशावर मिळून, एका गाळणीपुरते, सेकंदास बोटांवर मोजण्याइतकेच प्रकाशकण येतात. ते तासन्‌तास सांठवावे लागतात. त्यांतच अवकाशांतून आलेले वेगवान कण पट्टीवर आदळून खोटे ठिपके उमटवितात. म्हणून सांठा होत असतांनाच मधूनमधून नोंद घेत जावें लागतें, आणि एकाएकीं उडी मारणारी नोंद वगळावी लागते. दुर्बीणही प्रत्येक वेळीं किंचित् सरकवितात. दीर्घिका त्याबरोबर पट्टीवर सरकते, पट्टीचा स्वतःचा दोष मात्र होता तेथेंच राहतो, आणि अशा रीतीनें दोघांची निवड होते.

पट्टी रंग जाणत नाहीं. तिला उजेड-अंधार तेवढा कळतो. रंगासाठीं तिच्यापुढें निरनिराळ्या गाळण्या धरितात, प्रत्येक गाळणी विवक्षित लांबीच्याच लहरी आंत सोडते. मग सर्वांत लांब लहरींच्या चित्राला तांबडा, मधल्यास हिरवा आणि आंखूड लहरींच्या चित्रास निळा रंग देऊन तीं एकत्र करितात. वर्तमानपत्रांतून झळकलेलीं वेबचीं रंगीत चित्रें अशीं तयार झालेलीं आहेत, आणि तीं पाहून ‘हे रंग मग खोटेच कीं’ असा आक्षेप पुष्कळांनीं घेतला. आक्षेपांत फारसा जीव नाहीं. खर्जांतलें गाणें कानास ऐकूं येईना म्हणून तें वरच्या पट्टींत म्हटलें तर स्वरांची एकमेकांशीं असलेली अंतरें तींच राहतात, आणि राग ओळखतां येतो. येथेंही चढउताराचें नातें कायम राखलेलें असतें. धोका आहे तो दुसरीकडे आहे.

तो धोका अंतर ठरविण्यांत आहे. चित्रांतला ठिपका किती दूरचा आहे हें चित्र सांगत नाहीं. जवळची ठेंगणी दीर्घिका आणि दूरची थोराड दीर्घिका चित्रांत सारख्याच दिसतात. म्हणून १९९० नंतरच्या दशकांत जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनीं जी युक्ति रुळविली तीच वेबच्या चित्रांस लावण्यांत आली. हायड्रोजननें केलेली ती तूट ज्या लहरीवर असेल तिच्या आंखूड बाजूच्या गाळण्यांत दीर्घिका मुळींच दिसणार नाहीं, लांब बाजूच्या गाळण्यांत स्वच्छ दिसेल. कोणत्या गाळणींत ती नाहींशी झाली हें पाहिलें कीं तुटीची जागा कळते, जागेवरून ताम्रसृति, आणि ताम्रसृतीवरून अंतर. हिशेब सोपा आहे. सोपा आहे म्हणूनच त्यांत फसगत होते. कारण आंखूड लहरी नाहींशा होण्यास हायड्रोजन हें एकच कारण नसतें. धुळीनें वेढलेली दीर्घिकाही तांबडी दिसते. सांजवेळचा सूर्य तांबडा दिसतो, तो कांहीं दूर गेलेला नसतो.

११ जुलै २०२२ रोजीं वेबचें पहिलें रंगीत खोल चित्र जगापुढें आलें. साडेबारा तासांच्या निरीक्षणाचें तें फळ होतें. त्यानंतरच्या पंधरवड्यांत ज्योतिर्विदांमध्यें जी धांवपळ उडाली तिला तोड नाहीं. रोज नवी दीर्घिका, रोज जुन्या विक्रमाचा भंग! त्या गर्दींत एडिंबरा येथील संशोधकांनीं ‘सीअर्स’ नांवाच्या पाहणींतील एक ठिपका पुढें आणला. त्याचा क्रमांक ९३३१६. गाळण्यांच्या हिशेबानें त्याची ताम्रसृति १६ च्या वर येत होती. म्हणजे विश्व जेमतेम २३-२४ कोटी वर्षांचें असतांना ही दीर्घिका प्रकाशत होती, आणि तीही चांगली तेजस्वी. हें खरें ठरतें तर दीर्घिका कशा जन्मतात याविषयींच्या मान्य कल्पनांना जबर धक्का बसता. एवढ्या थोड्या अवधींत एवढे तारे जमावे कसे? कित्येक वर्तमानपत्रांनीं तर महास्फोटाचा सिद्धान्तच कोसळला असें छापून टाकिलें. सिद्धान्त कोसळण्याची त्यांना शास्त्रज्ञांपेक्षां अधिक घाई झाली होती.

शास्त्रज्ञांत मात्र लगोलग शंका निघाल्या. एक शंका मोठी मार्मिक होती. त्या ठिपक्याच्या शेजारच्या बऱ्याच दीर्घिका ताम्रसृति ५ च्या आसपास आहेत, मग हा एकटाच त्यांच्या मधोमध, पण कोठल्या कोठें मागें, असावा हा योगायोग विलक्षण नाहीं काय? निकाल लावण्यास मार्ग एकच होता: ठिपक्याचा वर्णपट घेणें.

वेबवरील वर्णलेखक हें यंत्र चमत्कारिक आहे. त्याच्या तोंडाशीं सुमारें अडीच लक्ष चिमुकल्या झडपा आहेत, प्रत्येक झडप केंसांच्या जाडीच्या मापाची. आकाशाच्या ज्या भागाकडे दुर्बीण वळलेली असेल त्यांतील निवडक दीर्घिकांवरच्या झडपा तेवढ्या उघडावयाच्या, बाकीच्या मिटलेल्या ठेवावयाच्या. अशानें एका वेळीं शंभरावर दीर्घिकांचा प्रकाश आंत येतो आणि प्रत्येकीचा वर्णपट निराळा पडतो. गाळण्यांनीं जें ढोबळ मापानें सांगितलें तें वर्णपट बारीक मापानें सांगतो. त्यांत निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या तेजोरेखा आपापल्या जागीं उमटतात, आणि त्यांची परस्परांतील अंतरें कोणास लपवितां येत नाहींत.

मार्च २०२३ मध्यें ९३३१६ वरची झडप उघडली. ताम्रसृति निघाली ४·९! शेजाऱ्यांचीच. म्हणजे ही दीर्घिका विश्व सुमारें १२० कोटी वर्षांचें असतांनाची होती. लहान वयाची खरी, पण विक्रमाची नव्हे. फसगत कशी झाली तेंही वर्णपटानेंच दाखविलें. दीर्घिका धुळीनें भरलेली होती, म्हणून आंखूड लहरी मंदावल्या होत्या. आणि तिच्यांतील ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या दोन प्रखर तेजोरेखा नेमक्या अशा जागीं आल्या होत्या, कीं लांब लहरींच्या साऱ्या गाळण्या त्यांनीं उजळून टाकल्या. एका अंगास धूळ, दुसऱ्या अंगास या रेखा. दोहोंनीं मिळून हायड्रोजनच्या तुटीचें हुबेहूब सोंग उभें केलें. ताम्रसृति ४·९ च्या आगेमागें थोडी जरी असती तरी सोंग उघडें पडतें.

याच निरीक्षणांत दुसऱ्याही एका वादग्रस्त दीर्घिकेचा निकाल लागला. ज्या ज्योतिर्विदांनीं ती हुडकली त्यांनीं तिला आपल्या लहानग्या मुलीचें नांव दिलें होतें. तिची ताम्रसृति ११·४ निघाली. म्हणजे चित्रांवरून बांधलेला अंदाज जवळजवळ बरोबर होता. एकाच यंत्रानें एकाच पाहणींत एक दावा फेंटाळला आणि एक मान्य केला. आरंभींच्या वर्षांतल्या ज्या विक्रमांच्या वार्ता गाजल्या त्यांतील पुष्कळ वर्णपटाविनाच दिल्या गेल्या होत्या, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्यांची किंमत कळते.

यावरून मान्य कल्पनांवरील संकट टळलें असें मात्र कोणीं समजूं नये. कारण वर्णपटाच्या कसोटीस उतरलेल्या दीर्घिकाच पुढें अधिक अडचणीच्या ठरल्या. ‘जेड्स’ नांवाच्या पाहणींत दक्षिण आकाशांत एक ठिपका सांपडला होता. तो इतका तेजस्वी आणि एका जवळच्या दीर्घिकेला इतका चिकटून होता, कीं तो दूरचा असेल हें शोधकांनाच खरें वाटेना. जानेवारी २०२४ मध्यें सुमारें दहा तास प्रकाश सांठवून त्याचा वर्णपट घेतला, आणि त्यांत हायड्रोजनची तूट खडकांत कोरल्यासारखी स्पष्ट आली. ताम्रसृति १४·३२ ठरली. विश्व तेव्हां २९-३० कोटी वर्षांचें होतें. साठीच्या गृहस्थाचें तो सव्वा वर्षाचा असतांना काढलेलें छायाचित्र हातीं यावें, तसें हें आहे. त्या वयांत या दीर्घिकेचा विस्तार १,६०० प्रकाशवर्षांहून अधिक होता. तेव्हां तिचें तेज एखाद्या कृष्णविवराभोंवतालच्या एवढ्याशा जागेंतून येत नसून मुख्यतः ताऱ्यांचें आहे हें उघड झालें.

पुढें चिली देशांतील आटाकामाच्या पठारावर असलेल्या आल्मा या दुर्बिणींच्या समूहानें त्याच दीर्घिकेंत ऑक्सिजनची रेखा शोधून काढली. ही वार्ता मार्च २०२५ मध्यें आली, आणि तिच्यामुळें ताम्रसृतीचा आंकडा अधिक नेमका, १४·१८, असा झाला. आंकड्यांतली ही दुरुस्ती किरकोळ आहे, ऑक्सिजन किरकोळ नाहीं. महास्फोटांतून हायड्रोजन व हेलियम निघाले. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटांत शिजतो आणि मोठे तारे फुटून मेले म्हणजे बाहेर सांडतो. विश्व तीस कोटी वर्षांचें होण्यापूर्वींच या दीर्घिकेंत ताऱ्यांची निदान एक पिढी जन्मून, जगून, मरून गेली होती. मे २०२५ मध्यें ताम्रसृति १४·४४ असलेली आणखी एक दीर्घिका वर्णपटासह जाहीर झाली; त्या वेळीं तीच सर्वांत दूरची ठरली. तीही अपेक्षेपेक्षां तेजस्वी.

असें कां असावें? कोणीं म्हणतात, आरंभीच्या दीर्घिकांत धूळ फार थोडी होती, म्हणून तेज अडलें नाहीं. कोणीं म्हणतात, तारे तेव्हां एकसारखे जन्मत नसत, लोंढ्यालोंढ्यानें जन्मत, आणि दुर्बिणीला दिसतात त्या नेमक्या लोंढ्याच्या वेळच्या दीर्घिका. कांहींच्या मतें वायूचें ताऱ्यांत रूपांतर होण्याचें प्रमाणच त्या काळीं अधिक होतें. विश्वाच्या प्रसरणाचा पाया यांतील कोणत्याही उत्तरानें हलत नाहीं. दीर्घिका कशा वाढल्या याचा हिशेब तेवढा नव्यानें मांडावा लागणार आहे, आणि तो अद्याप मांडून संपलेला नाहीं.

या कामांत महाराष्ट्रांतील एका संस्थेचेंही नांव आलें आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांतील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनीं वेबच्या चित्रांतून एक सर्पिल दीर्घिका शोधून काढली, आणि २०२५ सालीं तिचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. दोन डौलदार भुजा, मध्यें गाभा, व्यास सुमारें ३०,००० प्रकाशवर्षें. नव्या ताऱ्यांची निपज आकाशगंगेच्या सुमारें वीसपट. एवढी नीटनेटकी घडण सावकाश होते अशी समजूत होती. ही दीर्घिका मात्र विश्व अवघें दीडशें कोटी वर्षांचें असतांनाची आहे. एका दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणानें भिंगाप्रमाणें तिचा प्रकाश वाढविला, म्हणून ती इतकी ठळक दिसली. आकाशगंगेस हिंदींत मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयांत मंदाकिनीची बहीण अलकनंदा. तेव्हां आकाशगंगेशीं रूपानें मिळणाऱ्या या दीर्घिकेचें नांव अलकनंदा ठेविलें आहे. तिचें अंतर सुमारें वीस निरनिराळ्या गाळण्यांतून घेतलेल्या चित्रांवरून काढलेलें आहे, आणि इतक्या गाळण्या असल्या कीं एखाद्या रेखेनें सोंग आणण्यास जागा उरत नाहीं. परंतु तिच्या भुजा कशामुळें उठल्या, तिची तबकडी शांतपणें फिरते कीं खळबळलेली आहे, हें चित्रावरून कळणारें नव्हे. त्यासाठीं तिच्या या कडेची आणि त्या कडेची ताम्रसृति निरनिराळी मोजावी लागेल, आणि तें माप वेबच्या वर्णलेखकानें अथवा आल्मानें घेण्याचा मानस शोधकांनीं त्याच वेळीं बोलून दाखविला.